चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीचे कलम ३ कधी लागू करणार?

महोदय,

२५ जून जवळ आला की आणीबाणीवरची व्याख्याने, पुरवण्या आणि सत्कार सुरू होतात. केंद्र सरकारने २०२४ मध्ये हा दिवस ‘संविधान हत्या दिवस’ म्हणून जाहीर केला. महाराष्ट्र सरकार तर २०१८पासून आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्यांना मानधन देते. महिन्याहून जास्त काळ आत असलेल्यांना दरमहा १० हजार, त्याहून कमी काळ असलेल्यांना ५ हजार. सरकार बदलल्यावर २०२०मध्ये ते थांबले, २०२२मध्ये पुन्हा सुरू झाले आणि २०२५मध्ये दुप्पट झाले. द्यायलाच हवे होते, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार वेगळी आहे. या माणसांपैकी अनेकांना ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली, म्हणजे खटला न चालवता, नुसत्या आदेशावर स्थानबद्ध केले होते. देशभरात असे सुमारे ३५ हजार होते. पुन्हा अशी मनमानी होऊ नये म्हणून संसदेने १९७८च्या डिसेंबरात ४४वी घटनादुरुस्ती मंजूर केली. तिच्यातले कलम ३ खास स्थानबद्धतेबद्दल आहे. ते कलम आजतागायत लागू झालेले नाही. विरोध झाला म्हणून नाही, न्यायालयाने रद्द केले म्हणूनही नाही. ज्या दिवशी ते अंमलात यायचे ती तारीख राजपत्रात छापायची राहिली आहे, एवढेच.

विश्वास बसत नसेल त्याने सरकारने छापलेली राज्यघटनेची अलीकडची प्रत काढून अनुच्छेद २२ खालची तळटीप वाचावी. बारीक टाइपात लिहिलेले असते की ४४व्या दुरुस्तीचे कलम ३ अंमलात आल्यावर खंड (४)च्या जागी पुढील मजकूर येईल, आणि त्याखाली तो सगळा मजकूर असतो. दोन्ही सभागृहांनी विशेष बहुमताने मंजूर केलेला, राष्ट्रपतींची संमती मिळालेला मजकूर गेली पंचेचाळीसहून अधिक वर्षे तळटीपेत पडून आहे.

बाकीची दुरुस्ती मात्र वेळेत लागू झाली. बहुतेक कलमे २० जून १९७९पासून आणि उरलेली त्याच वर्षी थोडी नंतर. म्हणूनच आज ‘अंतर्गत अशांतता’ एवढ्या कारणावर आणीबाणी पुकारता येत नाही, सशस्त्र बंड असावे लागते. मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवावा लागतो. १९७५मध्ये मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगण्यात आले होते. संसदेची मंजुरी एका महिन्यात आणि विशेष बहुमताने घ्यावी लागते, दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावी लागते. लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी लेखी नोटीस दिली तर १४ दिवसांत खास बैठक बोलवावी लागते. आणि अनुच्छेद २० व २१ (आरोपीला मिळणारे संरक्षण आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) आणीबाणीतही स्थगित करता येत नाहीत. हे सगळे आज पक्के आहे. पण स्थानबद्धतेला आणीबाणी लागतच नाही. ती एरवीही, कोणत्याही मंगळवारी, एका जिल्हाधिकाऱ्याच्या सहीने होते. म्हणजे जो दरवाजा पन्नास वर्षांत एकदा उघडला त्याला चार कुलपे लागली, आणि जो रोज उघडतो त्याची कडी अजून बसवायची आहे.

कलम ३ नेमके काय बदलते ते पाहू. आज अनुच्छेद २२(४) सांगतो की तीन महिन्यांपेक्षा जास्त स्थानबद्ध ठेवायचे तर सल्लागार मंडळाने ‘पुरेसे कारण आहे’ असे मत द्यायला हवे. हे मंडळ कोणाचे? उच्च न्यायालयाचे विद्यमान किंवा माजी न्यायाधीश, किंवा न्यायाधीश होण्यास ‘पात्र’ असलेले लोक. पात्र म्हणजे उच्च न्यायालयात दहा वर्षे वकिली केलेला कोणीही. उद्या सरकारचाच एखादा वकील बसवला तरी घटनेची हरकत नाही. आणि मंडळ नेमते कोण, तर ज्याच्या आदेशाची तपासणी व्हायची तेच सरकार. शिवाय अनुच्छेद २२(७)(अ) संसदेला अशीही मुभा देतो की काही प्रकारच्या प्रकरणांत मंडळाकडे न जाताच तीन महिन्यांपुढे ठेवता येईल.

४४व्या दुरुस्तीने तीन महिन्यांचे दोन केले. मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीनुसारच नेमायचे. अध्यक्ष त्याच उच्च न्यायालयाचा विद्यमान न्यायाधीश, बाकीचे सदस्य कोणत्याही उच्च न्यायालयाचे विद्यमान किंवा निवृत्त न्यायाधीश. ‘पात्र’ माणसे बाद. आणि मंडळाला वगळण्याची मुभाही रद्द. एवढेच. स्थानबद्धता रद्द झाली नाही, वकील देण्याचा हक्कही मिळाला नाही. अगदी मोजकी सुधारणा आहे, आणि तीही रखडली आहे.

रखडली कशी? त्याच कायद्याच्या कलम १(२)मध्ये लिहिले आहे की दुरुस्ती केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवील त्या तारखेला लागू होईल आणि वेगवेगळ्या कलमांसाठी वेगवेगळ्या तारखा ठरवता येतील. ही नेहमीची तरतूद असते, नियम करायला आणि यंत्रणा उभी करायला वेळ मिळावा म्हणून. पण ज्याच्या हाताला लगाम घालायचा त्याच्याच हातात लगामाची तारीख दिली. जनता सरकारने दुरुस्ती आणली, ‘मिसा’ रद्दही केला, पण कलम ३ची तारीख न ठरवताच जुलै १९७९मध्ये ते पडले. त्यानंतर चरणसिंगांच्या काळजीवाहू सरकारने ऑक्टोबरात काळाबाजार रोखण्यासाठी स्थानबद्धतेचा वटहुकूम काढला. १९८०मध्ये इंदिरा गांधी परतल्या आणि सप्टेंबरात राष्ट्रीय सुरक्षा वटहुकूम, डिसेंबरात कायदा. पुढे काँग्रेस, जनता दल, संयुक्त आघाडी, राष्ट्रीय लोकशाही आघाडी, संयुक्त पुरोगामी आघाडी, पुन्हा राष्ट्रीय लोकशाही आघाडी. स्वतः ‘मिसा’त आत गेलेले लोक पंतप्रधान झाले, गृहमंत्री झाले. अधिसूचना कोणी काढली नाही. या एका बाबतीत सर्वपक्षीय एकमत आहे.

न्यायालयाकडे हा प्रश्न गेला होता. धनबादचे खासदार ए. के. रॉय यांना राष्ट्रीय सुरक्षा वटहुकुमाखाली स्थानबद्ध केले तेव्हा त्यांनी मागणी केली की सरकारला कलम ३ लागू करायला लावा. डिसेंबर १९८१मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. बहुमताचे म्हणणे असे की संसदेनेच तारखेचा निर्णय सरकारवर सोपवला आहे, तेव्हा न्यायालय सक्तीचा आदेश देऊ शकत नाही. या मुद्द्यावर न्यायमूर्ती गुप्ता आणि न्यायमूर्ती तुळजापूरकर यांचे मत वेगळे पडले: तारीख ठरवण्याचा अधिकार म्हणजे कधीच न ठरवण्याचा अधिकार नव्हे. त्या वेळी दुरुस्ती मंजूर होऊन तीन वर्षे झाली होती. बहुमताला ती मुदत फार वाटली नाही हे एक वेळ समजून घेता येईल. आज तोच युक्तिवाद कोणी करू धजेल का, हे बघायला आवडेल.

आता हे कोणाच्या डोक्यावर बसते ते पाहू, कारण ‘देशाच्या सुरक्षेसाठी सरकारचे हात बांधू नका’ हा युक्तिवाद इथेच येतो. महाराष्ट्रात स्थानबद्धता म्हटली की व्यवहारात राष्ट्रीय सुरक्षा कायदा क्वचित, ‘एमपीडीए’ रोजचा. १९८१चा हा राज्याचा कायदा झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थवाले यांच्यासाठी झाला. पुढे त्यात ‘धोकादायक व्यक्ती’, व्हिडिओ पायरसीवाले, वाळूतस्कर, काळाबाजारवाले यांची भर पडली. सीमेवरचा शत्रू या यादीत कुठेही नाही. यातले काही लोक खरोखर उपद्रवी असतात, वस्तीला नकोसे असतात, यात शंका नाही. पण त्यांना एक वर्षापर्यंत डांबून ठेवायला देशभक्तीची ढाल कशाला?

प्रक्रिया अशी चालते. पोलीस ठाणे प्रस्ताव तयार करते, त्यावर पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी सही करतो. माणूस बहुधा परजिल्ह्यातल्या कारागृहात पाठवला जातो. पाच दिवसांत स्थानबद्धतेची कारणे द्यायची, बारा दिवसांत राज्य सरकारची मान्यता घ्यायची, तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळाकडे पाठवायचे आणि मंडळाने ताब्यात घेतल्यापासून सात आठवड्यांत अहवाल द्यायचा. कमाल मुदत बारा महिने.

प्रस्तावाचा कणा म्हणजे ‘गोपनीय जबाब’. साक्षीदार ‘अ’ आणि साक्षीदार ‘ब’, नावे झाकलेली, तारीख बहुधा ‘अमुक महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात’ अशी मोघम. मजकूर वाचत गेलात तर ओळखीचा वाटू लागतो. इसमाने चाकू काढला, खिशातले काही शे रुपये हिसकावले, लोक सैरावैरा पळाले, दुकानांची शटर पटापट खाली आली, भीतीमुळे तक्रार दिली नाही. जिल्हा बदलतो, चाकूचा कोयता होतो, रकमेत फरक पडतो, पण शटर खाली येतातच. ती यायलाच हवीत, कारण नुसता ‘कायदा व सुव्यवस्थे’चा प्रश्न असेल तर स्थानबद्धता टिकत नाही, ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ बिघडलेली दाखवावी लागते. हा फरक सर्वोच्च न्यायालयाने राममनोहर लोहियांच्याच खटल्यात घालून दिला. दोघांची मारामारी पहिल्या प्रकारात मोडते. साऱ्या गल्लीने दारे लावून घेतली तर दुसऱ्या. तेव्हापासून गल्ल्या दारे लावून घेतात.

असे आदेश उच्च न्यायालयात पडतात तेव्हा कारणे ठरलेली असतात. शेवटचा गुन्हा आणि आदेश यांत महिनोन्महिने गेले, म्हणजे निकड नव्हती. आरोपीला जामीन मिळाला होता, तो जामिनाचा आदेश सही करणाऱ्यासमोर ठेवलाच नाही. गोपनीय जबाबांची वरिष्ठ अधिकाऱ्याने केलेली पडताळणी कागदावर दिसत नाही. माणसाला फक्त कन्नड किंवा हिंदी येते आणि जोडपत्रे मराठीत किंवा इंग्रजीत. स्थानबद्धाने सुटकेसाठी केलेल्या निवेदनावर निर्णय द्यायला लागलेल्या दिवसांचा हिशेब नाही. या चुका पोलिसांना माहीत नसतात असे नाही. तरी त्या पुन्हा पुन्हा होतात, कारण चुकीची किंमत शून्य आहे. आदेश रद्द होईपर्यंत माणूस बरेच महिने आत काढून झालेला असतो, आणि ज्याने सही केली त्याला कोणी विचारत नाही.

म्हणूनच सल्लागार मंडळाची चाळणी महत्त्वाची. सात आठवड्यांच्या आत कोणीतरी स्वतंत्र माणूस कागद वाचतो अशी ती एकमेव जागा आहे. तिथे वकील मिळत नाही. रॉय खटल्याने एवढे मिळवून दिले की सरकारच्या बाजूने वकील किंवा अधिकारी बाजू मांडणार असतील तर स्थानबद्धालाही वकील द्यावा लागेल, एरवी वकील नसलेल्या मित्राची मदत घेता येईल आणि साक्षीदार आणता येतील. बहुतेक घरच्यांना हे माहीतच नसते. अहवालातला मतापुरता भाग सोडला तर बाकी सगळे गोपनीय. अशा बंद खोलीत बसणारी माणसे कोण नेमतो, यावरच सगळे अवलंबून आहे. निवृत्त न्यायमूर्ती प्रामाणिकपणे काम करत नाहीत असे म्हणायचे नाही. पण पुढची नेमणूक ज्याच्या हातात आहे त्याचाच आदेश तपासायचा, ही रचना चांगल्या माणसावरही अन्याय करणारी आहे.

ज्यांच्या घरी असा आदेश येईल त्यांच्यासाठी दोन ओळी इथेच. आदेश, कारणे आणि सगळी जोडपत्रे मिळाल्याची तारीख लिहून ठेवा. निवेदन तिन्ही ठिकाणी द्या: आदेश काढणारा अधिकारी, गृह विभाग आणि सल्लागार मंडळ. अधिकाऱ्याकडे सरकारी मान्यता येईपर्यंतच निवेदन करता येते आणि हा हक्क आदेशाबरोबर सांगितला नाही तर आदेश टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०००मध्ये महाराष्ट्राच्याच प्रकरणात सांगितले आहे. कारागृह अधीक्षकांमार्फत पाठवलेल्या प्रत्येक कागदाची तारखेसह पोच घ्या. आणि मंडळाच्या निर्णयाची वाट न बघता उच्च न्यायालयात याचिका दाखल करा.

तडीपारीशी तुलना केली तर विसंगती डोळ्यांत भरते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली एखाद्याला हद्दपार करायचे तर आधी नोटीस द्यावी लागते, त्याचे म्हणणे ऐकावे लागते, त्याला वकील आणता येतो, ३० दिवसांत सरकारकडे अपील करता येते. म्हणजे जिल्ह्याबाहेर राहा असे सांगायला वकील चालतो, पण वर्षभर कोठडीत राहा असे सांगायला चालत नाही.

पोलिसांची एक अडचण खरी आहे: लोक साक्ष द्यायला घाबरतात. पण त्यावर राज्याने २०१७मध्ये साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला आहे, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८नेही प्रत्येक राज्याला साक्षीदार संरक्षण योजना करायला सांगितले आहे. ते राबवणे कष्टाचे आहे. साक्षीदार ‘अ’ आणि ‘ब’ सोपे आहेत.

राहिला देशभक्तीचा मुद्दा. खटल्याविना डांबण्याची सवय आपल्याला कोणी लावली, हे पुण्याने तरी विसरू नये. रँडच्या खुनानंतर १८९७मध्ये सरदार नातू बंधूंना मुंबई इलाख्याच्या १८२७च्या रेग्युलेशन २५खाली उचलले. आरोप नाही, खटला नाही, मालमत्ता जप्त, सुटका १८९९मध्ये. लाला लजपतराय यांना १९०७मध्ये बंगालच्या १८१८च्या रेग्युलेशनखाली मंडालेला पाठवले. १९१९च्या रौलट कायद्याविरुद्ध ‘ना वकील, ना दलील, ना अपील’ ही घोषणा झाली ती याच पद्धतीवर. त्या काळी या पद्धतीला विरोध करणे म्हणजेच देशभक्ती होती. डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९मध्ये आजचा अनुच्छेद २२ घटना समितीपुढे ठेवला तेव्हाही तो स्थानबद्धतेचे कौतुक म्हणून नव्हता. अनुच्छेद २१मध्ये ‘कायद्याने घालून दिलेली पद्धत’ एवढ्यावर समिती थांबली, त्याची काहीशी भरपाई म्हणून तो होता. म्हणजे २२(४) हा मुळात लगामच. आणीबाणीने तो तोकडा असल्याचे दाखवले, म्हणून १९७८मध्ये आवळला, आणि आवळलेला लगाम खुंटीला टांगून ठेवला.

लागू केला तर काय अडेल, हेही तपासून पाहिले पाहिजे. पहिला आक्षेप मुदतीचा. ‘एमपीडीए’चेच वेळापत्रक बघा: मंडळाचा अहवाल सात आठवड्यांत, म्हणजे ४९ दिवसांत. नव्या कलमाची मर्यादा दोन महिने. राष्ट्रीय सुरक्षा कायद्यातही सात आठवडेच आहेत. वेळापत्रकाचा एक दिवसही बदलावा लागत नाही. दुसरा आक्षेप विद्यमान न्यायाधीशांचा, आणि तो खरा आहे. मुंबई उच्च न्यायालयात मंजूर पदे ९४ आणि ती सगळी भरलेली कधी नसतात. त्यातून एक न्यायमूर्ती मंडळासाठी द्यायचा म्हणजे एका खंडपीठाचे काम अडणार. यावर उपाय दोन. पदे वेळेवर भरा, आणि स्थानबद्धतेचे आदेश हात राखून काढा. मंडळापुढे येणारी गर्दी ही काही नैसर्गिक आपत्ती नाही.

मुख्य म्हणजे यासाठी नवे विधेयक लागत नाही, मतदान लागत नाही, खर्चाची तरतूद लागत नाही. केंद्र सरकारची एक अधिसूचना पुरते. महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ खासदार आहेत. त्यातल्या कोणीही तारांकित प्रश्न विचारावा की कलम ३ अंमलात आणण्याची तारीख कोणती आणि ती ठरवली नसेल तर कारण काय. शुक्रवारच्या खासगी विधेयकांच्या वेळेत कलम १(२)मध्ये निश्चित तारीख घालणारे दोन ओळींचे विधेयक मांडता येईल. खासगी विधेयके मंजूर होत नाहीत हे माहीत आहे, पण चर्चेला आले तर सरकारला सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागते. केंद्रीय गृह आणि विधी मंत्रालयांतल्या या विषयावरच्या फायलींची टिपणे दहा रुपये भरून माहिती अधिकारात कोणीही नागरिक मागू शकतो. पाच-पन्नास अर्ज गेले तर निदान फाइल कुठल्या कपाटात आहे ते तरी शोधले जाईल.

राज्य सरकारला तर दिल्लीकडे बघत बसण्याचीही गरज नाही. सार्वजनिक सुव्यवस्थेसाठीची स्थानबद्धता समवर्ती सूचीत येते, आणि अनुच्छेद २२ची मर्यादा ही किमान संरक्षणाची आहे. राज्याने त्याहून जास्त संरक्षण द्यायला घटनेची आडकाठी नाही. विधिमंडळाने ‘एमपीडीए’च्या कलम ९मध्ये बदल करून मंडळ मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीवर नेमावे, अध्यक्ष विद्यमान न्यायमूर्ती असावा आणि ‘पात्र’ हा शब्द काढून टाकावा. जमल्यास कलम ११मध्ये स्थानबद्धाला वकिलाची परवानगी द्यावी, तडीपारीत देतात तशी. पावसाळी अधिवेशन बहुधा २५ जूनच्या नंतर लगेच भरते. मानधनाची रक्कम ज्या सरकारने दुप्पट केली त्याला हा बदल त्याच अधिवेशनात मांडता येईल.

आपला,
एक वकील वाचक, कोल्हापूर